प्रत आणि परत

संगणकाच्या तासाला ‘बॅकअप म्हणजे काय?’ असे विचारले, की वर्गातून एका सुरात उत्तर येते : माहितीची दुसरी प्रत काढून वेगळ्या जागी ठेवणे. या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. आमच्या मते ते निम्म्या गुणांचे उत्तर आहे. प्रत काढली म्हणजे काम झाले असे नव्हे. ती परत मिळाली पाहिजे, आणि जिथे हवी तिथे ती मावली पाहिजे. लिहिताना ‘प्रत’ आणि ‘परत’ या शब्दांत फारसे अंतर दिसत नाही. फोनच्या बाबतीत मात्र या दोहोंमध्ये बरीच गडबड भरलेली आहे, आणि तिचाच समाचार आम्ही येथे घेणार आहोत.

परीक्षण करायचे ते जरा कठीण कसोटीवर करावे. मोठ्या फोनमधली माहिती आणखी मोठ्या फोनवर नेणे यात विशेष काही नाही. जुना फोन मोठा आणि हाती आलेला फोन लहान, अशा वेळी फोन बनविणारे आपल्याला कसे वागवतात, हे पाहण्यासारखे आहे. कंपन्यांच्या जाहिरातींत असा प्रसंग कधी येत नाही. तिथे माणूस नेहमी चौसष्टवरून एकशे अठ्ठावीसकडे आणि तिथून दोनशे छप्पनकडे चढत असतो. प्रत्यक्षात काय होते हे पाहायला मीरा-भाईंदरसारखे गाव बरे. २००१ च्या जनगणनेत येथे सव्वापाच लाखांच्या आसपास वस्ती होती, २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. पुष्कळ लोक रोज पश्चिम रेल्वेच्या लोकलने मुंबईला जातात. गर्दीत फोन चोरीला जातो, दारात उभ्या असलेल्याच्या हातून रुळांवर पडतो, पावसात भिजून बंद होतो. मग महिनाअखेरीला नवा मोठा फोन कोण आणणार? भावाचा जुना फोन कपाटातून निघतो, नाहीतर दुकानातून एखादा वापरलेला घेतला जातो. असा फोन बहुधा आधीच्यापेक्षा लहानच असतो. म्हणजे जो प्रसंग कंपन्यांना अपवाद वाटतो, तो आपल्याकडे अनेक घरांत नित्याचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘१२८ जीबीच्या फोनचा बॅकअप ६४ जीबीच्या फोनवर जातच नाही,’ असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. पाणी साठवून ठेवण्याची सवय असलेल्या घरांत हे लगेच कळेल. शंभर लिटरच्या पिंपात तीस लिटरच पाणी असेल, तर ते चाळीस लिटरच्या टाकीत आरामात मावते. प्रश्न पिंपाच्या मापाचा नसून आतल्या पाण्याचा आहे. मोठ्या फोनमध्ये चाळीस जीबीच माहिती असेल तर ६४ जीबीच्या फोनवर ती जाण्यास मापाची अडचण नाही.

अर्थात ६४ म्हणजे पूर्ण ६४ मिळत नाहीत. फोनची स्वतःची यंत्रणा त्यातले दहा-पंधरा जीबी सहज घेते. शिवाय मोजण्याच्या दोन पद्धतींचा घोळ आहेच. फोन विकणारा एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. संगणकाच्या जुन्या रीतीप्रमाणे तो १०२४ चा घन, म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांहून थोडा अधिक होतो. या दुसऱ्या मापाने ६४ जीबीचे ५९.६ भरतात आणि १२८ चे ११९.२. दुकानदाराने फसवले असे नव्हे. शेर आणि किलो यांच्यासारखा हा प्रकार आहे. आठवी-नववीच्या मुलांना घातांकांचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आता पिंपाची उपमा थोडी पुढे नेऊ, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. फोन हरवला असेल तर पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात थेट ओतता येत नाही. मध्ये तिसरे भांडे असते : कंपनीच्या संगणकावर आपल्या नावाने राखलेली जागा, जिला ‘क्लाउड’ म्हणतात. गूगल ही जागा १५ जीबीपर्यंत फुकट देते. ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या सर्वांना मिळून. ॲपलची फुकट जागा २०११ साली आयक्लाउड सुरू झाले तेव्हा ५ जीबी होती, आणि आजही ५ जीबीच आहे. या काळात फोन मात्र कितीतरी पटींनी मोठे झाले. म्हणजे १२८ चे पिंप, ३२ ची टाकी आणि मध्ये १५ चा हंडा! लोक बोटे मोडतात ती हातातल्या लहान फोनच्या नावाने. पण सर्वांत लहान भांडे मधले आहे, आणि ते नजरेआड आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊन आकडेमोड करू. समजा, भाईंदरच्या एका शाळेतील बाईंचा १२८ जीबीचा फोन विरार लोकलमध्ये गेला. त्यात ७० जीबी माहिती होती : व्हिडिओ ३०, फोटो २०, व्हॉट्सॲप १२ आणि इतर ॲप्स ८. घरातला ३२ जीबीचा अँड्रॉइड फोन त्यांनी हाती घेतला. यंत्रणेचे १४ वजा जाता जागा उरली १८. आता परत काय मिळणार?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून घरोघर जाऊ लागली, आणि मुलांच्या वह्यांच्या पानांचे फोटो शिक्षकांच्या फोनवर येऊन पडू लागले. त्या वेळी गूगल फोटोजमध्ये थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवले तरी ते मोजले जात नसत. ही सवलत १ जून २०२१ रोजी संपली. त्यानंतर चढवलेला प्रत्येक फोटो १५ जीबींत धरला जाऊ लागला. व्हॉट्सॲपचेही तसेच झाले. नोव्हेंबर २०१८ पासून अँड्रॉइड फोनवरील त्याचा बॅकअप गूगलच्या हिशेबात धरला जात नव्हता. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत तो धरला जाऊ लागला. बाईंच्या खात्यात मेल वगैरेंचे २ जीबी आणि व्हॉट्सॲपचे १२ असे १४ झाल्यावर फोटोंसाठी उरला १ जीबी. तोही भरल्यावर नवे फोटो चढणे थांबले. सूचना येत असतात, पण त्याच वेळी जागा विकत घेण्याचे आमंत्रणही येत असल्याने त्या जाहिरातीसारख्या वाटतात आणि न वाचता पुसल्या जातात. परिणाम मोठा विचित्र आहे. टाळेबंदीतल्या वह्यांचे फोटो सुखरूप आहेत. नंतरच्या विज्ञान प्रदर्शनाचे, सहलीचे, निरोप समारंभाचे फोटो गेले. ते लोकलमध्ये गेले असे बाईंना वाटते. वास्तविक त्यांची प्रत कधी निघालीच नव्हती.

म्हणूनच ‘पुरेशी जागा नाही’ ही फोनवर येणारी ओळ आम्हाला अपुरी वाटते. कुठे नाही? हातातल्या फोनमध्ये, की मधल्या हंड्यात? किती कमी पडते? काय सोडले तर बाकीचे बसेल? दुकानातला पोऱ्यासुद्धा ‘दहा रुपये कमी आहेत, बिस्किटे काढू का?’ असे विचारतो. एवढे गणिती यंत्र ते विचारत नाही, ही त्याच्या बुद्धीची मर्यादा नव्हे. विचारावे असे करणाऱ्यांना वाटले नाही.

दोन प्रमुख यंत्रणांची तऱ्हा निरनिराळी आहे. आयफोनची रीत ‘सगळे किंवा काहीच नाही’ अशी. बॅकअपमध्ये ॲप्स नसतात, फक्त त्यांतली माहिती असते. ॲप्स नंतर पुन्हा उतरवून घेतली जातात. त्यामुळे बॅकअपचा आकडा वीस जीबी दिसला तरी फोनवर त्याहून बरीच जास्त जागा लागू शकते, हे सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. जागा कमी पडली तर यंत्रणा नकार देते. त्या घडीला ‘फोटो राहू द्या, बाकीचे आणा’ असे सांगण्याची सोय नाही. जी काही निवड करायची ती बॅकअप घेण्यापूर्वी, जुन्या फोनवर. जुना फोनच नसेल तर निवड संपली. २०२१ पासून ॲपलने एक चांगली सोय दिली आहे : नवा फोन घेणाऱ्याला जुन्याची संपूर्ण प्रत काढण्यासाठी तीन आठवडे लागेल तेवढी जागा फुकट मिळते. मधले भांडे काही दिवस मोठे करून देण्याची ही कल्पना योग्यच आहे. पण ती उपयोगी पडते जुना फोन हातात आणि चालू असेल त्यालाच. ज्याचा फोन भाईंदरच्या खाडीत पडला त्याला तिचा काय लाभ?

अँड्रॉइडची रीत उलटी. तिथे नवा फोन सुरू करताना ॲप्सची यादी दिसते, नको त्यावरची खूण काढता येते. हे आम्हाला अधिक सभ्यपणाचे वाटते. परंतु ही यंत्रणा दुसऱ्या बाजूने चुकते : जे आले नाही त्याबद्दल ती गप्प राहते. गूगलच्या या सोयीत प्रत्येक ॲपची २५ एमबीपर्यंतच माहिती जतन होते. त्यापलीकडे गेलेल्या ॲपचा बॅकअपच होत नाही. फोन सुरू होतो, सगळी चित्रे जागच्या जागी दिसतात, आणि एखादे ॲप उघडल्यावर ते कोरे असल्याचे कळते. एक यंत्रणा दारातूनच परत पाठवते, दुसरी आत घेते पण सामान कुठे राहिले ते सांगत नाही.

व्हॉट्सॲपला येथे थोडे श्रेय द्यायला हवे. परत आणताना ते मजकूर आधी आणते आणि चित्रे-व्हिडिओ मागाहून. हा क्रम कोणीतरी विचार करून लावला आहे. परंतु जागेची त्याची अटही मोठी आहे. आयफोनवर बॅकअपच्या २.०५ पट जागा आयक्लाउडमध्ये आणि फोनमध्ये मोकळी असावी, असे ते सांगते. घर बदलताना काही काळ खोकीही घरात असतात आणि खोक्यांतून काढलेले सामानही, तसाच हा मामला समजावा. या हिशेबाने १२ जीबीला साडेचोवीस जीबींपेक्षा जास्त जागा हवी. आमच्या उदाहरणातला फोन अँड्रॉइड आहे, त्यामुळे त्याला ही अट लावायची नाही. पण तिथे १२ आणि ८ मिळून वीस होतात आणि जागा आहे अठराच. अडले ते दोन जीबींवर.

हे दोन जीबी कशाचे असतात? येथे पिंपाची उपमा सोडून द्यावी लागते. पाण्याचा एक थेंब दुसऱ्यासारखा असतो. फोनमधले बाइट तसे नसतात. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘भाईंदर’ या शब्दात भ, काना, ई, अनुस्वार, द, र अशी सहा चिन्हे. म्हणजे अठरा बाइट. तेच नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचे आणि नऊ बाइटांचे. मराठीला दुप्पट जागा लागते म्हणून कोणी हळहळण्याचे कारण नाही. छापील पानावर सतराशे-अठराशे चिन्हे धरली तरी पानाला सुमारे पाच हजार बाइट पुरतात. दोनशे पानांचे पुस्तक एका एमबीत बसते. फोनने काढलेला साधा फोटो तीन एमबीचा असला तर तो अशा तीन पुस्तकांच्या बरोबरीचा! आणि आयफोनवर साध्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ ६० ते १३० एमबी घेतो, म्हणजे शाळेच्या ग्रंथालयातले एक कपाट. पालकांनी कळवलेल्या अडचणी, मुलांनी विचारलेल्या शंका, विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक, दहा वर्षांचा पत्रव्यवहार हे सगळे मिळून एखाद्या ‘सुप्रभात’ व्हिडिओच्या जागेत मावू शकते.

‘मग झिप करून दाबून का बसवत नाही?’ असे एखादा हुशार विद्यार्थी विचारील. त्याला करूनच पाहू द्यावे. संगणकावर मराठी मजकुराची दहा पानांची साधी फाइल घ्यावी आणि एक फोटो घ्यावा, दोन्ही झिप करून आधीचे आणि नंतरचे आकडे फळ्यावर लिहावेत. मजकूर पुष्कळ आक्रसतो. फोटो जवळजवळ होता तेवढाच राहतो. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. म्हणजे तिसरा काय तेवढा खरा बोलतो. पुनरुक्ती सहज दाबता येते. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखवून दिले, की माहिती न गमावता दाबण्याला एक किमान मर्यादा असते आणि ती पुनरुक्तीवर ठरते. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर पडतानाच दाबलेला असतो. १९९२ सालच्या जेपेग मानकाच्या मुळाशी असलेले गणित, म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, नासिर अहमद या भारतात जन्मलेल्या अभियंत्याने दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात डोळ्यांना न जाणवणारा तपशील टाकूनच दिला जातो. एकदा पिळलेले फडके पुन्हा पिळून फारसे पाणी निघत नाही. आणखी जागा वाचवायची तर दर्जा कमी करावा लागेल, म्हणजे काहीतरी कायमचे सोडावे लागेल. वहीच्या पानाचा फोटो बारीक केला तर लाल शाईतला शेरा वाचता येईल का, हे तपासल्याशिवाय तसे करू नये.

तेव्हा सोडायचे काय, हा प्रश्न टळत नाही. तो यंत्राला विचारण्यापूर्वी आपल्या कार्यालयांकडे पाहावे. महाराष्ट्रातील शासकीय दप्तरात कागदांचे वर्ग फार पूर्वीपासून पाडले जातात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, पुढच्या वर्गांची मुदत उतरत जाते आणि ‘ड’ वर्ग वर्षभरानंतर नष्ट करायचा. शाळेचे जनरल रजिस्टर कायमचे. रजेचा अर्ज कायमचा नव्हे. शाळेचे कार्यालय लहान खोलीत हलवावे लागले तर कोणता गठ्ठा आधी बाहेर काढायचा, हे जुन्या कारकुनाला विचारावे लागत नाही. ही पद्धत कंटाळवाणी आहे, धुळीने माखलेली आहे, पण लहान खोलीचा विचार तिने आधीच केलेला आहे.

फोनमध्ये असा विचार अर्धवट आढळतो. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने ‘फाइल्स गो’ नावाचे ॲप आणले. कमी जागेच्या फोनमधले दुबार फोटो, मोठ्या फाइली, आलेली निरर्थक चित्रे शोधून ती पुसायला सुचवायचे, हे त्याचे काम. पुढे त्याचे नाव बदलले, काम तेच राहिले. म्हणजे ‘ड’ वर्ग ओळखण्याची विद्या कंपन्यांजवळ आहे. ती त्यांनी चालू फोन झाडण्यासाठी वापरली. परत आणण्याच्या वेळी, जेव्हा तिची सर्वाधिक गरज असते, तेव्हा ती कपाटातच राहते. ‘अ’ वर्ग ओळखणे मात्र कुठल्याच यंत्राला जमणार नाही. आजीच्या आवाजातला चाळीस सेकंदांचा निरोप आणि कोणीतरी पुढे ढकललेले चाळीस सेकंदांचे प्रवचन यांचे वजन बाइटांत सारखेच असते. ती खूण माणसानेच करायला हवी, आणि ती करता येईल अशी एखादी जागा फोनने द्यायला हवी. ‘हे आधी परत आणा’ असे लिहिलेली एक पेटी. इतकी साधी गोष्ट आम्हाला या दोन्ही यंत्रणांच्या बॅकअपमध्ये आढळली नाही.

ती येईपर्यंत शाळेत करण्यासारखे थोडे आहे. महत्त्वाचा मजकूर आणि निवडक फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत शाळेच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर काढावी. मुलांच्या फोटोंबाबत पालकांची संमती असल्याची खात्री करावी. बाईंच्या ७० जीबींत असे साहित्य एक-दोन जीबींहून अधिक निघणे कठीण, म्हणजे ते ३२ जीबीच्या फोनवरही सुखाने बसेल. मग ती प्रत वर्षातून एकदा दुसऱ्याच एखाद्या जुन्या फोनवर उतरवून, उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीबद्दल काहीही सांगता येत नाही.

मुदतीचीही आठवण ठेवावी. फोन ५७ दिवस वापरला गेला नाही तर गूगलवरचा त्याचा बॅकअप पुसला जाऊ शकतो. आयक्लाउडचा बॅकअप बंद पडल्यापासून १८० दिवस राहतो. पगारातून पैसे साठवून तीन महिन्यांनी फोन घेऊ, असा बेत करणाऱ्याला पहिली मुदत सहज चुकवू शकते. शिवाय नव्या आवृत्तीच्या अँड्रॉइडवरचा बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही, मग त्यात जागा कितीही मोकळी असो. कपाटातून काढलेला फोन जुना असतो तो असाही. तेव्हा दुकानातून वापरलेला फोन घेताना जीबी विचारून झाले, की आवृत्ती कोणती हेही विचारावे.